एकतीस नंबरचा बिल्ला

१

जहाज पाण्यात गेलं, बँड वाजला, शे-दोनशे टोप्या हवेत उडाल्या, आणि मग कुणाचं तरी लक्ष मागे रिकाम्या उतारावर गेलं.

चरबीनं माखलेल्या लाकडी घसरतीच्या कडेला गोदीतला कामगार कड्डी डॉड पडला होता. सगळ्यात आधी तो दिसला पाहुण्या बाईंना. त्यांनी नुकतीच 'मेरिडियन' जहाजाच्या नाकावर बाटली फोडली होती. त्यांना वाटलं, कुणाचा तरी कोट राहिलाय. "अहो, तो कोट उचला कुणीतरी, खराब होईल," असं त्या म्हणाल्या म्हणे.

जोनस थर्लवेल तेव्हा कुंपणापाशी उभा होता. वेअर नदीवरच्या या गोदीत चाळीस वर्षं जहाजसुतार, त्यातली वीस मुकादम, आणि गेल्या वसंतापासून घरी बसलेला. घरी बसलेला म्हणजे रोज दहाच्या ठोक्याला कुंपणापाशी येऊन दुसऱ्यांच्या चुका काढणारा. त्या दिवशी मात्र त्याचं चुकांकडे लक्ष नव्हतं, तो हसत होता. फाटकापाशी गडी लँटी ब्रफला धरून चरबी आणि काजळी फासत होते, लँटी हातपाय झाडत होता, आणि ती गंमत बघायला दोरखान्यातल्या पोरी भिंतीवर चढल्या होत्या. आपण हसत होतो त्याच वेळी कड्डी मेला, हे जोनसच्या संध्याकाळी लक्षात आलं, आणि मग ते काही केल्या मनातून जाईना.

दिवेलागणीला त्याच्या दारावर थाप पडली. नवा मुकादम आयझॅक ऑर्ड उभा होता. काखेत एक लोखंडी नळी, कापडात गुंडाळलेली.

"मास्तर," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुमची नळी खोटं बोलली."

२

ती नळी जोनसनंच बनवली होती. अठरा वर्षांपूर्वी असाच एक जण जहाजाखाली राहिला होता, त्यानंतर.

जहाज सोडायच्या दिवशी शेवटचं काम असतं ते जहाजाच्या तळच्या कण्याखालचे ठोकळे काढायचं. सोळा ठोकळे, प्रत्येकाला दोन माणसं, कण्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. सुरुवात नदीकडून. आपला ठोकळा निघाला की जहाजाच्या पोटाखालून वाकत वाकत नाकाकडे यायचं आणि पाहुण्यांच्या चौथऱ्याखालच्या दारातून बाहेर पडायचं. प्रत्येकाच्या दातात एक पितळी बिल्ला असतो, कारण हात चरबीनं बरबटलेले. तो दारातल्या नळीत टाकायचा. नळीला बाजूनं फट, फटीवर खूण. बिल्ले एकावर एक बसत खुणेपर्यंत चढले की बत्तीसच्या बत्तीस माणसं बाहेर आली. मग मुकादमानं निशाण वर करायचं, आणि पाहुण्यांनी कात्रीनं दोरी कापून जहाज सोडायचं.

आणि माणसं आत रेंगाळू नयेत म्हणून जोनसनं आणखी एक युक्ती काढली होती. ज्याचा बिल्ला सर्वांत शेवटी पडेल तो 'शेपूट'. त्याला चरबी फासायची, खांद्यावर घ्यायचं आणि दोरखान्याच्या पोरींसमोरून मिरवायचं. पहिलं बोट मुकादमाचं. गेल्या दोन्ही वेळी शेपूट झाला होता कड्डी डॉड. त्याचा एक गुडघा अधूनमधून अडकायचा. अडकला की दोन-तीन मिनिटं बसल्याशिवाय सुटत नसे. दोन्ही वेळी पहिलं बोट जोनसनं फासलं होतं, चांगलं कपाळभर.

"खूण भरली होती, मास्तर," ऑर्ड म्हणाला. खुर्चीत बसला तरी त्यानं टोपी काढली नव्हती. "मी डोळ्यांनी बघितलं. बत्तीस. म्हणून निशाण वर केलं. आता क्रेसवेल मॅनेजरसाहेब म्हणतात, भरती उतरायला लागली होती, तू घाई केलीस. कड्डीचा बिल्ला खाली कुठेतरी सापडला असेल, तो तूच टाकलास आणि मोकळा झालास. कॉन्स्टेबलही मान डोलवतो. परवा चौकशीला पंच बसतायत. त्यांना हे पटलं तर मी सरळ तुरुंगात."

"टाकलास का?"

"मास्तर!"

"मी विचारलं, टाकलास का?"

"नाही." ऑर्डनं टोपी ओढून काढली. "बायकोनंही हेच विचारलं. सगळे तेच विचारतायत. आता तर मलाच वाटायला लागलंय की टाकला असेन."

नळीचं बूड उघडायची किल्ली जोनसकडे होती. मुकादमकी सोडताना परत करायला विसरलो, असं तो सांगायचा. त्यानं नळी फडताळात ठेवली.

"आत्ता नाही उघडत?" ऑर्डनं विचारलं.

"नळी कुठे पळून जात नाही. माणसांची तोंडं मात्र उद्यापर्यंत एकमेकांशी जुळतात. जा, थोडं खाऊन घे."

३

लँटी ब्रफ घरामागच्या पंपावर मान धूत होता. आदल्या दिवसापासून धूतच असावा, कातडी लालभडक झाली होती. शेवटच्या ठोकळ्यावर, म्हणजे दारापासून वीस पावलं आत, कण्याच्या एका बाजूला तो होता, बिल्ला बत्तीस, आणि दुसऱ्या बाजूला कड्डी, बिल्ला एकतीस. कुणी कुठे बसायचं ते जहाज सोडायच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. आणि लँटीनं त्याच्या आदल्या संध्याकाळी चारचौघांत पैज लावली होती की या खेपेलाही कड्डीलाच शेपूट करून दाखवीन.

"आलात? या," तो म्हणाला. "सगळी गल्ली म्हणतेय, लँटीनं कड्डीचा बिल्ला लांबवला. तुम्ही तेवढे राहिला होतात."

"मी तसं म्हणत नाही. तू त्याचा बिल्ला आधी टाकलास, तर शेपूट कोण झालं? तूच. एवढा उदार तू कधीपासून झालास?"

लँटी हसायला गेला, पण हसू आलं नाही. तो पंपाच्या दगडावर बसला.

"ठोकळा निघाला. मी धावलो. कण्यापलीकडे कड्डी शीळ घालत होता, मास्तर. चॅपलमधलं भजन. मला वाटलं, मला चिडवतोय. बाहेर आलो, बिल्ला टाकला आणि बघतो तर खूण भरलेली! म्हटलं, हा लंगडा माझ्याआधी सुटला कसा? मी ओरडलो, खरंच ओरडलो, 'कड्डी कुठाय?' तर सगळे म्हणाले, 'कड्डी सुटला, तू शेपूट!' आणि माझ्या तोंडात चरबी कोंबली." त्यानं ओठ पुसले. "बोलता येईना. नंतर बोलता आलं, तोवर मी पण हसायला लागलो होतो."

"शीळ घालत होता? ठोकळा निघाल्यावरसुद्धा?"

"हो. अगदी निवांत."

शेपूट व्हायची धास्ती असलेला, गुडघ्यानं अधू माणूस, शेवटच्या ठोकळ्यावर निवांत शीळ घालतो? घाई नसायला कारण एकच असू शकतं. तो तसाच घरी आला, कडी लावली आणि नळी उघडली.

४

बिल्ले त्यानं टेबलावर ओळीनं मांडले, तळाचा पहिला, वरचा शेवटचा. नळी कुणाचंही ऐकत नाही. जे जसं पडलं तसंच ठेवते.

एक, दोन. चार, तीन. पाच, सहा. जोडीजोडीनं माणसं आली होती, नदीकडची आधी. पंधरा, सोळा. सतरा.

त्यानंतर एकतीस.

त्याच्यावर अठरा, मग एकोणीस, वीस, आणि असंच शेवटी एकट्या बत्तीसपर्यंत.

म्हणजे ऑर्ड सुटला. ऑर्डनं शेवटच्या घाईत टाकला असता तर तो बिल्ला वरती असता, असा मध्यात रुतला नसता. मध्यात बिल्ले पडत होते तेव्हा ऑर्ड चौथऱ्यावर पाहुण्या बाईंना कात्री कशी धरायची ते दाखवत होता, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. जोनसनं एकतीस उचलून उजेडात धरला. बाकीच्या बिल्ल्यांवर कडेला दातांच्या खुणा आणि मध्ये पितळ लख्ख. हा मात्र दोन्ही अंगांनी चरबीनं माखलेला. दातात धरून आणलेला नव्हता. बरबटलेल्या हातानं दिलेला, बरबटलेल्या हातानं घेतलेला.

नदीकडची माणसं बाहेर पडताना नाकाजवळच्या माणसांपुढूनच जातात. कड्डीनं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती आपला बिल्ला बाहेर धाडला होता. म्हणूनच तो शीळ घालत होता. आता तो शेपूट होणार नव्हता. गुडघा अडकला तरी बसायला त्याला हवा तेवढा वेळ होता.

नेणारा एकतर सतरा, गेब्रिएल स्नेथ. नाहीतर अठरा.

अठरा नंबर राल्फ थर्लवेलचा होता. जोनसच्या मुलाचा.

५

स्नेथच्या घराकडे जाताना जोनसनं देवाकडे एक मागणं मागितलं. चॅपलमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांना प्रार्थना शिकवणाऱ्या माणसानं मागू नये असं ते मागणं होतं. हे स्नेथनं केलेलं असू दे. स्नेथला पाच लेकरं होती, आणि ते माहीत असूनही जोनसनं तेच मागितलं.

स्नेथ वाटाण्याचं पिठलं ओरपत होता. त्यानं पुढ्यातला पाव जोनसकडे सरकवला.

"मी आधी बाहेर आलो, मास्तर. बिल्ला टाकला, मागे वळून बघितलं तर राल्फ नव्हता. मी म्हटलं, आत्ता तर माझ्या पाठोपाठ होता. मग आला. कड्डीपाशी थांबला होता, दोघं कायतरी हसत होते."

"तुझ्या आणि राल्फच्या मध्ये दुसरं कुणी बिल्ला टाकला?"

"छे. दारात मीच उभा होतो. त्याच्यानंतर एकोणीसवाला आला." स्नेथनं चमचा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही आत्ता उमगलं. "मास्तर, पाव घ्या ना."

जोनसनं पाव घेतला नाही. घरी येऊन तो पुन्हा टेबलाशी बसला. बिल्ल्यांची रांग त्याच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. उघडताना ऑर्ड समोर नव्हता, आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्यानं एक एक बिल्ला नळीत परत टाकायला घेतला. सतरा. मग अठरा. एकतीस त्यानं बाजूला ठेवला. तीसपर्यंत सगळे आत गेले. मग त्यानं एकतीस पुसला, चांगला सदऱ्याच्या टोकानं घासला आणि तीसच्या वर सोडला. आता नळी सांगणार होती ते क्रेसवेलसाहेब म्हणत होते तेच.

"बाबा," मागून आवाज आला, "एकतीस तिथे नव्हता."

६

राल्फ न्हाणीच्या दारात उभा होता. दोन दिवसांत त्यानं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि जोनसनं ते पाहूनही विचारलं नव्हतं. पोरगा मित्र गमावून बसलाय, एवढंच स्वतःला समजावलं होतं.

"किती वेळ उभा आहेस?"

"पुसत होतात तेव्हापासून." राल्फ बसला नाही. "कड्डीची बायको थर्झा, तिच्या माहेरची माणसं आली होती बघायला. कड्डी म्हणाला, 'गड्या, सासऱ्यासमोर तरी चरबी नको. हा घेऊन जा, मी आलोच.' गुडघा चोळत होता. मी घेतला. यात वाईट काय, असं वाटलं मला. चांगलंच करतोय असं वाटलं. बाहेर आलो, मग खूण भरत आली, सगळे दाराशी टपून बसलेले. लँटी आला आणि मी त्याचा पाय धरला, बाबा. मीच धरला. तो 'कड्डी कुठाय' म्हणाला ते मी ऐकलं. मला वाटलं, आला असेल, गर्दीत असेल. मला खरंच तसं वाटलं का, ते आता मला सांगता येत नाही."

"हे कुणाला बोललास?"

"नाही. आणि ऑर्डकाकांना काल फाटकात बघितलं, तरी नाही बोललो." त्यानं नळीकडे बोट केलं. "पण हे असलं मला नाही जमणार. तुम्हाला कसं जमलं?"

चाळीस वर्षांत जोनसला असं कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. तो मेलेल्या माणसाची आणि ऑर्डची दोघांचीही भीड न ठेवता फक्त आपल्या पोराकडे बघत होता. मुकादम म्हणून त्यानं असं करणाऱ्याला गोदीबाहेर काढलं असतं.

"तू उद्या गप्प बस," तो शेवटी म्हणाला. "मी बोलेन."

"काय बोलाल?"

जोनसनं दिवा उचलला आणि आत गेला.

७

पंच बसले ते घाटावरच्या दारूच्या गुत्त्यात, माडीवरच्या खोलीत. दारू वर्ज्य मानणारा जोनस तीस वर्षांनी असल्या ठिकाणी पाऊल ठेवत होता. ऑर्ड बायकोशेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. थर्झा डॉड पहिल्या रांगेत होती, काळ्या टोपीत, ताठ. क्रेसवेलसाहेबांनी भरती, घाई आणि मुकादमाची जबाबदारी यावर छान भाषण केलं. मग नळी उघडली गेली, आणि तीसच्या वर एकतीस निघाला. खोलीत कुजबुज झाली. ऑर्डच्या बायकोनं तोंडाला पदर लावावा तसा हातमोजा लावला.

"मला बोलायचंय," जोनस उठला.

त्यानं सगळं सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी ही नळी मी बनवली, शेपटाची टूमही माझीच. माणसांनी जिवाच्या भीतीनं लवकर बाहेर यावं ते येत नव्हते, म्हणून मी त्यांना लाजेची भीती घातली, आणि ती कामाला आली. इतकी आली की कड्डी डॉडला लाज चुकवायला बिल्ला पुढे धाडावा लागला. काल मी नळी उघडली तेव्हा एकतीस होता सतरा आणि अठराच्या मध्ये, चरबीनं माखलेला. तो मी पुसला आणि वर टाकला. ऑर्डचा काही दोष नाही.

मृत्यूची चौकशी चालवणारा कॉरोनर म्हातारा आणि बारीक डोळ्यांचा होता. त्यानं चष्मा काढला.

"थर्लवेल, म्हणजे तुम्ही पुरावा बदललात."

"हो, साहेब."

"मग आता तो मध्ये होता याला आधार काय? तुमचा शब्द. जो माणूस काल पंचांना फसवायला निघाला होता, त्याचा शब्द. ऑर्ड तुमच्या हाताखाली तयार झालाय. त्याला वाचवायला तुम्ही हे आत्ता रचत नाही कशावरून?"

हे जोनसच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑर्डला सोडवणारी एकमेव साक्ष त्यानं स्वतःच्या सदऱ्यानं पुसून टाकली होती. खोलीत स्नेथ होता. त्यानं मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं, पण ते सांगणं त्याचं काम नव्हतं.

"अठरा नंबर माझा," मागून राल्फ म्हणाला. तो उभा होता, भिंतीला हात टेकून. "बिल्ला मी नेला. कड्डीनं माझ्या हातात दिला. लँटीनं विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो."

मग लँटी उठला आणि म्हणाला, मीपण हसलो. मग आणखी कुणीतरी उठलं आणि म्हणालं, त्याच्या तोंडात चरबी मी कोंबली. कॉरोनरला टेबलावर हात आपटावा लागला.

पंच वीस मिनिटांत परतले. अपघाती मृत्यू, दोष कुणाचाच नाही. यापुढे माणसं चेहरे बघून मोजावीत, नळी मोडीत काढावी. थर्लवेलला कॉरोनरनं ताकीद दिली आणि वयाकडे बघून सोडलं. ऑर्डची बायको मोठ्यानं रडली. खाली गुत्त्यात कुणीतरी ऑर्डसाठी पेला भरायला सांगितला, आणि बाकीच्यांनाही एकदम तहान लागली.

८

थर्झा जिन्याच्या वळणावर थांबली होती. तिथून उतरणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशी काहीतरी बोलल्याशिवाय जाता येत नव्हतं. सगळे बोलले. राल्फ तर तिच्यासमोर उभा राहून नुसता रडला, आणि तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. शेवटी जोनस उतरला.

"थर्लवेलकाका, दोष कुणाचाच नाही म्हणाले."

"ऐकलं."

"लँटी माझ्या दारात लाकडं टाकून गेला. ऑर्डबाईंनी काल केक आणला. राल्फ पोरच आहे. सगळे इतके चांगले वागतायत." तिचा आवाज एकसुरी होता, जणू ती काय काय आलं त्याची यादी वाचत होती. "मला राग येतो हो. स्वयंपाक करताना येतो, केस विंचरताना येतो. आणि तो ठेवायला कुठे जागाच नाही. कुणावर ठेवू?"

"माझ्यावर ठेव."

"बोलायचं म्हणून बोलता की खरंच?"

"खरंच."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. बाजारात मासळी ताजी आहे की नाही ते बघावं तसं.

"मग रविवारी या. चॅपल सुटलं की. दर रविवारी. मी बोलेन ते ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही आणि माफी तर अजिबात मागायची नाही. माफी मागितली की मला 'असू दे' म्हणावं लागतं."

पहिल्या रविवारी ती काहीच बोलली नाही. दोघं चुलीपाशी तासभर बसले आणि तो घरी गेला. दुसऱ्या रविवारी तिनं दार लावून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. कड्डी दोन्ही वेळी कसा घरी आला, केसांतली चरबी काढायला तिला किती दिवस लागले, त्या दिवसांत तो उशीकडे तोंड करून कसा झोपायचा, आणि सकाळी कामावर जाताना दारातून 'मास्तरांची गंमत असते गं' असं म्हणत कसा हसून दाखवायचा. ती ओरडली नाही. एकही गोष्ट तिनं गाळली नाही.

जोनस टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला. पंचांनी त्याला सोडलं होतं त्या दिवसापासून त्याला पहिल्यांदाच थोडं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची त्याला लाज वाटत होती.

"पुढच्या रविवारी?" ती उठताना म्हणाली.

"येतो," तो म्हणाला.